अठ्ठ्याऐंशीव्या दिवशीची बॅग

वाघदरीच्या विमानतळावर दशरथ खिलारेची मुलगी काय करते हे ठाऊक नसलेला माणूस औषधालाही सापडला नसता. कॅन्टीनवाल्याला ते माहीत होतं, झाडलोट करणाऱ्या बायकांना माहीत होतं, आणि एकदा उशीर झालेल्या विमानाच्या पायऱ्यांखाली उभं राहून दशरथनं ते चक्क एका वैमानिकालाही ऐकवलं होतं. "आमची शलाका डॉक्टर हाय साहेब. सुईवाली न्हवं, हवेची." वैमानिकाला काही कळलं नाही, पण दशरथचा चेहरा बघून त्यानं आपली मान डोलावली.

दशरथ हा लोडरांच्या टोळीचा मुकादम. हाताखाली सहा माणसं. प्रवासी काउंटरवर बॅग देऊन मोकळा होतो. ती पट्ट्यावरून मागच्या शेडमध्ये येते, शेडमधून ट्रॉलीवर चढते आणि ट्रॉलीवरून विमानाच्या पोटात जाते. या मधल्या वाटेवर बॅगेजवळ तिचा मालक नसतो, लोडर असतो. त्यामुळे बॅगेतली वस्तू हरवली की ती कुठेही हरवलेली असो, पहिलं बोट लोडरकडे जातं. एकतीस वर्षांत दशरथनं तीन विमानतळ बदलले, पण पाळी संपल्यावरची झडती काही बदलली नाही. खिसे उलटे करायचे, बूट काढायचे, जेवणाचा डबा उघडून दाखवायचा, हात वर करून उभं राहायचं. बॅग फेकायची नाही, ठेवायची, हा त्याच्या टोळीचा नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला दशरथ शेडमध्ये सगळ्यांसमोर सोलून काढायचा. पण दारावरच्या शिपायाला त्याचं काय! त्याला फक्त खिसे दिसायचे.

शलाका नऊ वर्षांची असताना एकदा आईबरोबर बापाला आणायला आली होती. तिनं त्याला दारापाशी अनवाणी, हात वर केलेला असा पाहिलं. घरी जाताना ती वाटभर एक शब्द बोलली नाही. पोर आहे, विसरेल, असं दशरथला वाटलं. ती विसरली नव्हती हे त्याला एकोणीस वर्षांनी कळलं, जेव्हा ती एक यंत्र घेऊन त्याच्याच शेडमध्ये आली.

यंत्राचं नाव होतं श्वासमोहोर. लोडरांनी पहिल्याच दिवशी त्याला हुंग्या म्हणायला सुरुवात केली आणि मग खुद्द शलाकाही तेच म्हणू लागली.

"आपल्याला वाटतं बंद बॅग म्हणजे मेलेली वस्तू," पहिल्या दिवशी टोळीला गोल बसवून ती सांगत होती. "पण आतल्या प्रत्येक वस्तूतून बारीक बारीक रेणू सुटत असतात. साबणातून, चपलेच्या कातड्यातून, कपाटातल्या डांबरगोळीचा वास लागलेल्या साडीतून. बॅग बंद करून थोडा वेळ गेला की आतल्या हवेत या रेणूंचं एक प्रमाण ठरतं. दोन बॅगांचं प्रमाण कधीच सारखं नसतं. हुंग्या बॅगेवर टोप बसवतो, फटींतून कपभर हवा ओढतो आणि चारशे प्रकारचे रेणू मोजतो. तो झाला त्या बॅगेचा मोहोर. उतरायच्या गावी दुसरा हुंग्या पुन्हा मोजतो. कुलूप तोडून नवं लावता येतं, चेन उचकटून पुन्हा सरकवता येते. पण बॅगेतून एकदा गेलेली हवा जशीच्या तशी कुणालाही परत भरता येत नाही."

"आन् कुठं उघडली त्ये कसं कळायचं?" रफीक मुल्लानं विचारलं. रफीक टोळीत सगळ्यांत जुना, दशरथचा उजवा हात, आणि शंका काढण्यात वकिलाच्या वरताण.

"ते सांगते. बॅग उघडली की आतली हवा निघून जाते. बंद केली की पुन्हा भरायला लागते. पण सगळे रेणू एका चालीनं येत नाहीत. हलके पटकन सुटतात, जड रेंगाळतात. म्हणून हलके पुढे गेलेत आणि जड मागे पडलेत असं दिसलं, की समजायचं बॅग मधे उघडली. आणि ते अंतर मोजलं की कधी उघडली तेही कळतं, पंधरा मिनिटांच्या फरकानं."

"म्हंजी लग्नाला निघाल्यावानी," रफीक म्हणाला. "पोरं पळत म्होरं, म्हातारी दम खात मागनं."

"अगदी तसंच, रफीककाका," शलाका हसली. दशरथ मागे खांबाला टेकून उभा होता. मुलगी बोलत होती आणि त्याचे सहाही गडी आ वासून ऐकत होते. त्याची छाती अशी भरून आली की त्याला उगाचच ट्रॉलीचं चाक तपासायला वळावं लागलं.

करार साधा होता. नव्वद दिवस चाचणी. या नव्वद दिवसांत वाघदरीहून गेलेली एकही बॅग वाटेत उघडली गेली नाही असं यंत्रानं सांगितलं, तर लोडरांची झडती कायमची बंद. आणि यंत्र चोख ठरलं, तर ते आणखी बावीस विमानतळांवर बसणार. इतकी वर्षं लोडर प्रामाणिक आहे हे फक्त लोडरला माहीत असायचं. आता ते मोजून, लिहून, साहेबाच्या पडद्यावर दिसणार होतं. टोळीनं शेडच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. चाळीस झाल्या, साठ झाल्या, ऐंशी झाल्या. एकही तांबडा दिवा नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी दिवा लागला.

गुवाहाटीला गेलेली बॅग होती. हेमलता रेगे नावाच्या बाईंची. तिकडच्या हुंग्यानं सांगितलं की मोहोर बिघडला आहे, हलके रेणू फार पुढे आहेत, आणि बॅग वाघदरीलाच साडेअकरा ते पावणेबारा यांच्या दरम्यान उघडली गेली आहे. रेगेबाईंनी तिथंच बॅग उघडून पाहिली, काही गेलं नाही म्हणाल्या आणि घाईनं निघून गेल्या. पण करारात वस्तू गेली का असं नव्हतंच. बॅग उघडली का, एवढंच होतं.

त्या दिवशी विमानाला दोन तास उशीर झाला होता. ऊन रणरणत होतं. बॅगा भाजून निघू नयेत म्हणून दशरथनं ट्रॉली ओढून प्रवाशांना विमानात नेणाऱ्या पुलाच्या सावलीत नेली होती, आणि ती सावली नेमकी कॅमेऱ्याच्या नजरेआड होती. गड्यांना त्यानं चहाला पाठवलं. सहाही जण कॅन्टीनच्या कॅमेऱ्यात अर्धा तास दिसत होते. साडेअकरा ते पावणेबारा ट्रॉलीजवळ एकटा दशरथ होता.

चौकशीची तारीख पडली. तोवर शलाकानं वडिलांशी बोलायचं नाही, असा नियम होता, आणि नियम पाळण्यात बाप-लेक एकमेकांना हार जाणारे नव्हते.

दशरथचं डोकं चालेना. त्या पंधरा मिनिटांतलं मिनिट न् मिनिट त्याला आठवत होतं. तो उलट्या बादलीवर बसला होता, टोपीनं वारा घेत होता. त्यानं बॅगेला हात लावला तो उचलायला आणि ठेवायला. म्हणजे यंत्र खरं असेल तर तो चोर, आणि तो खरा असेल तर यंत्र खोटं. तिसरी वाट त्याला दिसत नव्हती.

"सरळ सांग की यंत्र खोटं बोलतंय," रफीक शेडमध्ये त्याच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला. "आमी सहा जण तुज्यामागं उभं ऱ्हातो. युनियन उभी ऱ्हाईल. यंत्राला काय, त्ये परत खोक्यात घालतील."

"कुणाचं यंत्र हाय त्ये?"

"कुणाचं बी असंना!"

"तसं न्हाय, रफीक. सहा वर्सं घातली तिनं. दिवाळीला घरी यायची आन् जेवताना बी कागदावर आकडं मांडायची. बावीस ठिकाणी लागायचंय त्ये. म्या 'खोटं' म्हनलो तर त्ये खोक्यात जाईल, तिचं नाव बी त्याच खोक्यात जाईल."

"आन् तुजं नाव?"

दशरथला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली होती. एकतीस वर्षं ज्या नावाला त्यानं डाग लागू दिला नव्हता, ते तो मनातल्या मनात एका पारड्यात ठेवून बघत होता, आणि दुसऱ्या पारड्यात मुलगी बसली होती. बापाला अशा वेळी कसला आलाय हिशोब! चौकशीच्या दिवशी सकाळी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला, बायकोला "येतो" म्हणाला, आणि काय बोलायचं ते ठरवूनच घराबाहेर पडला.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधोमध दक्षता अधिकारी फणसळकर मॅडम, त्यांच्या डाव्या हाताला जबाब टाइप करणारा कारकून, उजव्या हाताला यंत्राची नोंद समजावून द्यायला शलाका. समोर दशरथ, आणि कामगारांच्या बाजूनं रफीक. शलाकाचा चेहरा उतरला होता. दशरथनं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर टेबलावर ठेवली.

"खिलारे," फणसळकर मॅडम म्हणाल्या. त्या कडक होत्या, पण वाकड्या नव्हत्या. "बॅग तुमच्या ताब्यात असताना उघडली गेली, असं यंत्र सांगतं. तुमचं काय म्हणणं आहे?"

"यंत्र सांगतंय त्ये खरं हाय, मॅडम. म्याच उघडली."

"मुकादम!" रफीक खुर्चीवरून ताडकन उठला. "काय बोलतोयस? शुद्धीवर हायेस का?"

"बसा तुम्ही," मॅडमनी रफीकला खाली बसवलं. "का उघडली, खिलारे?"

"लोभ सुटला."

"काय घेतलं?"

"काय न्हाय. कुनी येतंय असं वाटलं, म्हनून लगोलग बंद केली. चूक झाली. यंत्रानं बराबर पकडलं. यंत्र लई चोख हाय, त्येवढं लिहा." शेवटचं वाक्य त्यानं कारकुनाकडे बघून जरा जोरात म्हटलं. कारकुनाची बोटं टकटक चालू होती.

"मी एक विचारू का?" शलाका म्हणाली. मॅडमनी मान हलवली. "मुकादम, बॅगेवर काय होतं?"

"खोळ हुती, मॅडम. घरी शिवल्याली. निळ्या फुलांची." स्वतःच्या मुलीला मॅडम म्हणताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मग ती कशी उघडलीत?"

"खोळीची बटनं काढली. चेन वढली."

"चेन कुठल्या बाजूनं ओढली?"

"डावीकडनं… उजवीकडं."

शलाकानं आपल्यासमोरचा पडदा सगळ्यांकडे वळवला. त्यावर त्या बॅगेचं एक्स-रे चित्र होतं, निघण्याआधी सगळ्या बॅगांचं काढतात तसं. कडेला दोन जाड खटके दिसत होते आणि त्यांच्या मधे आकड्यांचं कुलूप. "या बॅगेला चेन नाही," ती म्हणाली. "खोळीखाली कडक कवचाची बॅग आहे; हल्ली तशा बॅगांना चेन असते, पण ही जुनी, खटक्यांची आहे. ज्यानं ती उघडली असेल त्याला हे माहीत असतं. यांना माहीत नाही, कारण यांनी ती खोळ कधी काढलीच नाही."

दशरथचे कान लाल झाले. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि तेही धड जमलं नव्हतं.

"खिलारे," मॅडमचा स्वर चढला, "चौकशीत खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"ते खोटं बोलले, कारण यंत्र माझं आहे," शलाका म्हणाली. ती उभी राहिली होती. "मॅडम, माझं म्हणणं लिहून घ्या. बॅग उघडली गेली नाही. यंत्र चुकलं."

"पुरावा?"

"अजून नाही."

"म्हणजे वडील आहेत म्हणून?"

"सत्त्याऐंशी दिवस माझंच यंत्र सांगतंय की या माणसाच्या हातून गेलेल्या हजारो बॅगांपैकी एकही उघडली गेली नाही. ते सत्त्याऐंशी दिवस खरे मानायचे असतील तर या माणसालाही खरं मानावं लागेल." ती थांबली. "आणि हो, वडील आहेत म्हणूनही."

"शलू, गप बस!" दशरथ ओरडला. मॅडम-बिडम सगळं विसरला तो. "सहा वर्सं घातलीस. एका बॅगंपायी मातीत घालतीस व्हय? माजं काय, दोन वर्सं ऱ्हायली. लागू दे डाग!"

"अण्णा, ज्या यंत्राला तुम्ही चोर दिसता, ते मी बावीस विमानतळांवर पाठवू? तिथंही कुणाचे तरी अण्णा ट्रॉलीपाशी बसलेले असतील. त्यांच्यासाठी तिथं कोण उभं राहणार?"

दशरथला एकदम जाणवलं की समोर उभी आहे ती त्याची पोर नाही, कुणीतरी मोठी बाई आहे, आणि आपण तिला वाचवायला निघालो होतो. तो हळूच खाली बसला.

"आता मला त्या बॅगेबद्दल जे आठवतं ते सांगा," शलाका त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "सगळं. आणि खरं."

दशरथनं डोळे मिटले. बॅगा त्याला चेहऱ्यांसारख्या आठवायच्या. "पट्ट्यावरनं उचलली तवा आत काय तरी डचमळलं. म्हनून ती आडवी ठेवली न्हाय. उभी ठेवली, समद्यांच्या वर, दोन बॅगांच्या मदी. खोळ जरा कोमट लागली हाताला. मग सावलीत बसलो. दोन तासांनी विमानात चढवली, ती बी उभीच." तो अडखळला. "आन् तवा डचमळत नव्हती."

"म्हणजे सांडलं होतं?"

"छ्या! सांडलं आसतं तर खोळ भिजली नसती का? वजन तेवढंच. पन आतलं घट्ट झालं हुतं. पयल्यांदा पान्यावानी, मग… न्हाय."

फणसळकर मॅडमनी भुवया उंचावल्या. "बंद बॅग उचलून तुम्हाला हे कळलं?"

"मॅडम, एकतीस वर्सं त्येच करतोय."

शलाका मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. बॅगेतली वस्तू आपली आपण पातळाची घट्ट झाली होती. कुणी हात न लावता. "रेगेबाईंचा नंबर द्या," ती कारकुनाला म्हणाली.

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. रेगेबाई सुरुवातीलाच म्हणाल्या की सामान सगळं मिळालं, त्यांची काही तक्रार नाही, आणि त्यांना उगाच कशाला त्रास देता.

"काकू, बॅगेत काही पातळ होतं का?" शलाकानं विचारलं.

"नाही बाई. पातळ काही नव्हतं."

"काकू, तुमच्या बॅगेवरून एका माणसाची नोकरी जायची वेळ आली आहे. तुम्हाला कुणी काही करणार नाही. पण खरं सांगा."

मग रेगेबाईंचा आवाज खाली आला. "दही होतं. म्हणजे निघताना दूध होतं. विरजण लावलेलं."

रफीकनं कपाळावर हात मारला.

"मुलीला दिवस गेलेत हो," रेगेबाई भरभर बोलू लागल्या. "पोटात अन्नाचा कण ठरत नाही. फक्त माझ्या हातचं दही मागते. तयार दही न्यावं तर आंबट ढाण होतं. म्हणून सकाळी कोमट दुधाला विरजण लावलं, डब्याचं झाकण घट्ट केलं, शालीत गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. म्हटलं पोचेपर्यंत लागेल. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पातळ काही आहे का. मी नाही म्हटलं. आता विमानातून उतरेपर्यंत ते पातळ राहणारच नव्हतं ना!"

फणसळकर मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. त्यांना खोकला आला होता की हसू, ते कळलं नाही.

"ताई," दशरथला राहवेना, "कसं लागलं?"

"अहो, काय सांगू! मला धाकधूक होती, बॅग आपटतील, पाणी सुटेल. पण झाकण उघडलं तर अशी कवडी पडली होती! मुलीनं वाटीभर खाल्लं. ज्यानं कुणी ती बॅग उचलली ना, त्याला सांगा, हात असावेत तर असे."

दशरथनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं आणि ते टेबलाखाली नेले. रफीकनं त्याच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली.

फोन ठेवल्यावर शलाका उठून मॅडमच्या समोर उभी राहिली. "दूध विरजलं की त्यातले जिवाणू कामाला लागतात. दह्याचा वास ज्यांच्यामुळे येतो ते रेणू हलके असतात, आणि ते भराभर सुटतात. जड रेणू आधी होते तेवढेच राहतात. हलके पुढे, जड मागे. बॅग उघडली की नेमकं हेच दिसतं. हुंग्याला फरक कळला नाही, कारण आम्ही तो शिकवलाच नाही. प्रयोगशाळेत आम्ही चार हजार बॅगा भरल्या. कपडे भरले, बूट भरले, पुस्तकं, औषधं, अत्तरं. जिवंत असं काहीच भरलं नाही. बॅगेतली वस्तू स्वतःच आपली हवा बदलेल हे मला सुचलं नाही. मी ज्या घरात वाढले तिथं रोज दही लागायचं, तरी सुचलं नाही. ही चूक यंत्राची नाही, माझी आहे."

फणसळकर मॅडमनी रुमाल बाजूला ठेवला आणि बराच वेळ समोरचे कागद चाळले. मग त्यांनी निकाल सांगितला. आरोप रद्द. पण चाचणीही रद्द. यंत्राला नव्यानं शिकवायचं आणि मग मोजणी पहिल्या दिवसापासून. तोवर बावीस विमानतळांचं काम थांबेल आणि झडती चालू राहील. "मला दुसरा मार्ग नाही," त्या म्हणाल्या, आणि खरंच नव्हता.

"पुन्ना नव्वद?" रफीकनं मोठा उसासा टाकला.

"नव्वद तर नव्वद," दशरथ म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी केलं, त्ये कुनी ढकलून केलं का? करू की परत."

"आणि मला तुमची टोळी लागेल, अण्णा," शलाका म्हणाली. "महिनाभर. आपली माणसं बॅगेत काय काय जिवंत घालतात, ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

"लिहून घे," रफीक लगेच बोटांवर मोजू लागला. "अढी लावल्यालं आंबं. मोड आल्याली मटकी. तुळशीचं रोप, मुळासकट. एकदा एकानं गाभुळल्याली चिंच न्हेली हुती, धा किलो."

मॅडमनी हातानं त्याला थांबवलं. "यादी नंतर. खिलारे, तुमचा आधीचा जबाब मी काढून टाकते. नवा द्या. या वेळी खरा."

दशरथ उभा राहिला. इस्त्रीचा सदरा त्यानं खाली ओढून सरळ केला. शलाका खाली मान घालून आपले कागद गोळा करत होती. तिच्या सहा वर्षांच्या कामाला आज तिनं स्वतःच्या हातानं खीळ घातली होती, आणि दशरथला ती इतकी सरळ, इतकी ताठ याआधी कधी दिसली नव्हती. तो खाकरला.

"लिहा," तो कारकुनाला म्हणाला. "म्या बॅग उघडली न्हाय. आधी म्हनलो त्ये खोटं हुतं. यंत्र चुकलं. आन् यंत्र चुकलं हे समद्यात आधी जिनं यंत्र बनवलं तिनंच सांगितलं. पुरावा हातात नसताना, समद्यांम्होरं उभं ऱ्हाऊन सांगितलं. हे बी लिहा."

कारकुनानं मान वर केली. "हे जबाबात कशाला? तुमचा जबाब फक्त बॅगेपुरता."

"लिहा म्हनतोय न्हवं. एकतीस वर्सं नोकरी केली. बॅग हरवली, फाटली, भलत्या गावाला गेली. हर येळी लोडरचं चुकलं. खुर्चीवर बसल्यालं मानूस 'माजं चुकलं' म्हनालं, असं म्या आज पयल्यांदा ऐकलं. त्येची नोंद नको व्हय?"

कारकुनानं फणसळकर मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "लिहा."

"बरं. नाव काय लिहू तिचं?"

शलाका वर बघून "अण्णा, पुरे ना" म्हणाली, पण दशरथ कारकुनाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता.

"शलाका दशरथ खिलारे," तो म्हणाला. मग ते त्यानं पुन्हा एकदा सावकाश, सुटं सुटं सांगितलं, पडद्यावर अक्षरं उमटेपर्यंत तो तिथून हलला नाही, आणि उमटल्यावर त्यानं खिशातून चष्मा काढून ते नाव नीट वाचलं आणि कागद छापून आल्यावर त्या नावाखाली सही केली.